बांधावरचा मोह वाळतोय?

जव्हार-मोखाडेकरांनो, झाड आपल्या सातबाऱ्यावर असलं तरी थेट कुऱ्हाड लावता येत नाही. 1964च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत मोह, साग, ऐन, खैर, आंबा, फणस आहेत. वाळलेल्या झाडालाही परवानगी लागतेच. मात्र झाड मेलेलं, रोगट किंवा घरावर पडायच्या बेतात असेल, तर ते सबळ कारण. म्हणून बुंध्यातली पोकळी, सुटलेली साल, छपरावर झुकलेली फांदी यांचे फोटो अर्जाला जोडाच. आदिवासी खातेदाराला झाड विकायचं तर 1969चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्याच्या तोंडी सौद्याला भुलू नका. झाड जव्हार शहरात असेल, तर शहरी झाडांसाठीचा 1975चा कायदा लागू, म्हणजे परवानगी नगर परिषदेकडून.

आणि हो, फाल्गुनात मोह निष्पर्ण होतोच! वैशाखापर्यंत पालवी फुटते का बघा, मगच अर्ज करा.