रायसीना टेकडीमागची बाग

दिल्लीत इंडिया गेटाकडून रायसीना टेकडीच्या रोखाने चालू लागले म्हणजे राष्ट्रपती भवनाचा घुमट, जो दुरून साऱ्या मार्गावर अंमल गाजवीत असतो, तो जवळ जावे तसतसा चढाआड बुडू लागतो, आणि विजय चौकात उभे राहावे तर प्रासाद जवळजवळ दिसेनासाच होतो. सचिवालयाच्या दोन इमारती हर्बर्ट बेकरच्या, प्रासाद एडविन लटियन्सचा; मधला चढ बेकरला हवा तसा ठेवण्याच्या नकाशाला लटियन्सने स्वतःच रुकार दिला होता, आणि त्याचा परिणाम ध्यानी आल्यावर त्याने कितीही तक्रारी गुदरल्या तरी हुकूम फिरला नाही. १९११ च्या दरबारात राजधानी दिल्लीस हलविल्याचे पंचम जॉर्जने जाहीर केले. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन या ३४० दालनांच्या प्रासादात राहावयास आले. आणि पुढे १८ वर्षांतच ते राज्य उठले.

मला मात्र या वास्तूचे खरे मर्म तिच्या पाठीमागे, सुमारे १५ एकरांच्या बागेत आहे असे वाटते. बाग मोगली धाटणीची असावी ही तत्कालीन व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी हार्डिंग्ज यांची इच्छा; त्या १९१४ मध्येच निवर्तल्या. हिंदी वास्तुकलेविषयी खाजगी पत्रांतून तुच्छतेने लिहिणाऱ्या लटियन्सला येथे मोगलांचे पाट, चौक आणि कारंजी मुकाट्याने पत्करावी लागली, आणि त्या सक्तीतूनच त्याच्या हातून सर्वोत्तम काम झाले. उत्तर-दक्षिण दोन आणि पूर्व-पश्चिम दोन असे पाट एकमेकांस छेदतात. लाल दगडाची कमलपत्रे एकावर एक रचून केलेल्या कारंज्यांतून पाणी उसळते व पानापानावरून ओघळत पाटात येते. शनिवारवाड्यातील हजारी कारंजेही कमळाचेच, पण तेथील कमळ फुललेले, तर येथे नुसत्या पानांची चळत. हिरवळीच्या कडेने बकुळीची झाडे आहेत. कोकणात जी मनमुराद वाढतात, त्यांना येथे कातरून अळंब्यांचा आकार दिलेला. बकुळीवरचा हा जुलूम मला रुचत नाही, पण भूमितीला तो हवा होता.

चौकट मोगली, वाफ्यांतील फुले बरीचशी विलायती. ती लागवड डब्ल्यू. आर. मस्टो या उद्यानाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाली. स्वातंत्र्यानंतर राजगोपालाचारी गव्हर्नर-जनरल झाले, तेव्हा देशातील अन्नटंचाई पाहून त्यांनी आवारातील काही जमिनीत गहू पेरविला. राजेंद्रप्रसादांनी बागेचे दरवाजे सामान्य रयतेस उघडले. २०२३ साली तिचे ‘अमृत उद्यान’ असे नामकरण झाले. अलीकडे पावसाळ्याच्या अखेरीसही काही दिवस प्रवेश मिळतो, तथापि खरी गर्दी माघ-फाल्गुनातली, कारण आश्विन-कार्तिकात घातलेली हंगामी फुलझाडे तेव्हाच भरास येतात, आणि वैशाखाचा ताप सुरू झाला की माळ्यांना ते वाफे उपटून पुन्हा खणावे लागतात.