एका कळीची अफरातफर

बँकेत नवा खाते क्रमांक देताना तो आधीच कुणाच्या नावावर नाही ना, हे पाहण्याची सवय ३० वर्षांत हाडीमाशी खिळली होती. संगणकापुढे ती मी कशी विसरलो, कोण जाणे!

कादंबरी लिहिताना रोजचे शब्द मोजायची मला खोड. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये आपल्या पसंतीच्या कळा नेमता येतात, हे नातीने दाखवले. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन; तिथे खाली कीबोर्ड शॉर्टकट्सचे बटण. यादीतून काम निवडायचे, चौकटीत कळा दाबायच्या आणि ‘असाइन’ म्हणायचे. शब्दांचा ‘श’ म्हणून मी कंट्रोल-एस दाबले. या कळा सध्या कोणत्या कामावर आहेत, हे चौकटीखालीच दिसते. तिथे ‘फाइलसेव्ह’ असे स्वच्छ लिहिले होते. मी न वाचताच सही ठोकली. (शब्दमोजणीला कंट्रोल-शिफ्ट-जी आधीपासूनच आहे, हे मागाहून कळले.)

त्या रात्री नायकाच्या वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग एकदाचा उतरला. दिवे लुकलुकले. बोटे सवयीने कंट्रोल-एसवर गेली. पडद्यावर आकडा आला: ८४६. आणि अंधार.

वर्ड दर दहा मिनिटांनी आपण होऊन एक प्रत राखते. ती सकाळी सापडली. शेवटचा परिच्छेद मात्र तीत नव्हता. त्याच चौकटीतले ‘रिसेट ऑल’ दाबून मी माझ्या सगळ्या नेमणुका रद्द केल्या. कंट्रोल-एस मूळ कामावर रुजू झाली.

परिच्छेद पुन्हा लिहिला. पहिल्यासारखा उतरला नाही, असे मला अजून वाटते. बायकोला तसे वाटत नाही. पण तिने पहिला वाचलाच कुठे होता?