बर्गंडीचे द्राक्षमळे



वसंतातल्या व्याख्यानमालेत द्राक्षमद्याचा विषय निघाला म्हणजे काही श्रोत्यांना नवल वाटणे साहजिक आहे. म्हणून आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. मद्यपानाची शिफारस करण्यासाठी मी येथे उभा नाही. ज्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नाही, त्यालाही पुष्कळ शिकवील असा एक मुलूख आज आपण पाहणार आहोत. तो मुलूख म्हणजे पूर्व फ्रान्समधील बर्गंडी. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जमिनीकडे लक्ष देऊन पाहिले तर त्यातून काय उभे राहते, आणि ते आज कशामुळे संकटात आले आहे, हे तेथे दिसते.

दिजाँ शहरातून दक्षिणेकडे निघाले की उजव्या हाताला बुटक्या टेकड्यांची एक रांग लागते. ही रांग सांतने गावापर्यंत सुमारे ५० किलोमीटर साथ करते. तिच्या पूर्वेकडच्या उतारावर द्राक्षांचा एक अरुंद पट्टा आहे. जव्रे, वूझो, व्होन, बोन ही जगप्रसिद्ध गावे याच पट्ट्यातली. बोनपासून सांतनेपर्यंत मळ्यांमधून सायकलींसाठी वाट आहे. आणि हा प्रदेश खरोखर पाहायचा तर पायी किंवा सायकलीवरूनच पाहावा. कारण येथे शंभर पावलांवर जमीन बदलते, आणि जमिनीबरोबर किंमतही बदलते.

असे का व्हावे? उतार नीट पाहिला म्हणजे कारण उमगते. अगदी माथ्यावर माती पातळ, वारा गार. पायथ्याशी माती जड. पाणी साचते, आणि थंड हवाही तेथेच उतरून बसते. मधल्या उतारावर मात्र चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते, पाण्याचा निचरा होतो आणि सकाळचे ऊन थेट मिळते. म्हणून उत्तमोत्तम मळे टेकडीच्या कमरेला पट्टा बांधावा तसे मध्यावर आहेत. तांबड्या वाइनचे द्राक्ष मुख्यतः पिनो न्वार आणि पांढऱ्याचे शार्दोने. वाण तोच, ऋतू तोच, पुष्कळदा करणारा हातही तोच. फरक पडतो तो जमिनीच्या तुकड्याने. अशा प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव आहे आणि त्याला तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. अशा १,२४७ क्लिमांचा हा प्रदेश २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. गंमत अशी, की फ्रेंच भाषेत ‘क्लिमा’ याचा एरवीचा अर्थ हवामान. या शब्दाकडे आपल्याला शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

ही वाटणी केली कोणी? तिचे मोठे श्रेय सितो येथील मठातील संन्याशांना दिले जाते. १०९८ साली हा मठ स्थापन झाला आणि पुढच्याच शतकात संन्याशांनी वूझो येथे द्राक्षे लावण्यास आरंभ केला. ते माती जिभेवर ठेवून पारख करीत, अशी दंतकथा आहे. ती खरी मानण्याचे कारण नाही. पण एकाच जमिनीवर शतकानुशतके राबणाऱ्या संस्थेला कोठले पीक कसे येते याचा अनुभव साठवता येतो, हे मात्र खरे. वूझोच्या मळ्याभोवतीचा दगडी कोट १३३६ साली पुरा झाला आणि आजही प्रवासी तो पाहतो. आत सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर जमीन आहे. राज्यक्रांतीत धर्मसंस्थेची मालमत्ता सरकारजमा झाली, १७९१ साली हा मळा विकला गेला, १८८९ मध्ये त्याचे तुकडे पडले, आणि विक्री व वारसा यांच्या योगाने आज त्याचे सुमारे ८० मालक आहेत. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी. भाऊबंदकीच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको!

या नावांना बाजारात केवढे मोल असते, याचे एक उदाहरण पाहा. जव्रे गावाच्या हद्दीत शांबेर्तँ नावाचा नामांकित मळा आहे. १८४७ साली गावाने राजाज्ञा मिळवून मळ्याचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले आणि गाव झाले ‘जव्रे-शांबेर्तँ’. एरवी गावामुळे शेत ओळखले जाते. येथे शेतामुळे गाव ओळखले गेले. पुढे १९३५ च्या कायद्याने या परंपरेला शिस्त लावली. कोणत्या जमिनीत कोणते वाण लावावे, किती पीक घ्यावे आणि बाटलीवर कोणते नाव घालावे, हे ठरून गेले. प्रदेश, गाव, प्रथम श्रेणी आणि सर्वोच्च श्रेणी अशा चढत्या पायऱ्या झाल्या. सर्वोच्च पायरीवर साऱ्या बर्गंडीत अवघी ३३ नावे आहेत.

आता तळघरात उतरू. लहान मळेवाल्याकडे आधी कळवून जावे. तो पुष्कळदा स्वतःच दार उघडतो. आत गारवा असतो आणि २२८ लिटरची ओक लाकडाची पिंपे ओळीने मांडलेली असतात. एका पिंपातून सुमारे ३०० बाटल्या भरतात. पेल्यात थोडीच वाइन ओततात. प्रथम रंग पाहावा, मग पेला फिरवून वास घ्यावा, मग लहान घोट तोंडात घोळवावा आणि शेजारच्या पिकदाणीत थुंकून टाकावा. हसू नका! यात यजमानाचा अपमान नाही. आठ-दहा नमुने चाखायचे तर डोके ठिकाणावर हवे, हे तोही जाणतो. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची, एकाच वर्षाची वाइन लागोपाठ चाखली म्हणजे एक सौम्य आणि दुसरी करकरीत का, हा प्रश्न आपोआप पडतो. उत्तरादाखल यजमान बाटलीऐवजी खिडकीबाहेरच्या उताराकडे बोट दाखवतो.

बोनमध्ये आणखी एक वास्तू पाहावी. निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी तेथे रुग्णालय स्थापन केले. भाविकांनी त्याला मळे दान दिले. त्या मळ्यांच्या वाइनचा जाहीर लिलाव १८५९ पासून चालत आला आहे. तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. जुनी इमारत आता संग्रहालय आहे. रुग्णसेवा १९७१ पासून नव्या इमारतीत चालते.

याच बोन गावाने जगाला आणखी एक मोलाची वस्तू दिली आहे, ती म्हणजे नोंद. द्राक्षतोडणी कोणत्या दिवशी सुरू झाली, हे मजुरीच्या हिशेबांतून आणि नगरसभेच्या दप्तरांतून काढून अभ्यासकांनी १३५४ ते २०१८ पर्यंतची मालिका लावली आणि ती २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष गंभीर आहे. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ पासून ती सरासरी १३ दिवस अलीकडे आली. २००३ च्या उन्हाळ्यात तर ऑगस्टमध्येच विळे-कात्र्या बाहेर काढाव्या लागल्या.

तेरा दिवसांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. उष्ण्याने साखर भराभर वाढते, तिच्याबरोबर मद्यार्क वाढतो, आणि बर्गंडीच्या वाइनचा प्राण असलेली आंबटसर तरतरी कमी होते. शिवाय वेल लवकर फुटते आणि उशिराच्या थंडीत सापडते. एप्रिल २०२१ मध्ये कोवळे कोंब वाचवण्यासाठी मळेवाल्यांनी रात्र-रात्र मळ्यांत मेणाच्या मशाली पेटवल्या. तरीही मोठे नुकसान झाले.

येथे तो शब्द पुन्हा आठवा. क्लिमा म्हणजे जमिनीचा तुकडा आणि क्लिमा म्हणजे हवामान. नऊशे वर्षे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. आता जमीन जागेवर आहे आणि हवामान सरकले आहे. एखादा मळेवाला वर, गार टेकडीवर जाऊन वेली लावील. पण नाव त्याच्याबरोबर जाणार नाही. ते मातीला बांधलेले आहे.

म्हणून हे लोक हात जोडून बसले आहेत असे मात्र नाही. १८७८ मध्ये मुळे खाणारी फिलोक्सेरा कीड या भागात पोचली, तेव्हा त्यांनी अमेरिकन खुंटावर आपल्या वाणाचे कलम बांधून मळे वाचवले. मूळ परके, फळ आपले! आपल्याकडे नाशिकचे बागाईतदारही आज अमेरिकन खुंटावर कलमे करतात, त्यांना हे नवीन वाटणार नाही. आता बर्गंडीत उशिरा छाटणी करणे, पानांची सावली राखणे, नवे खुंट पारखणे असे प्रयोग चालू आहेत.

आपली रीत वेगळी आहे. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशी वेल वर्षातून दोनदा छाटावी लागते. बर्गंडीची नक्कल करून आपले भागणार नाही. परंतु छाटणी कधी केली, पाऊस कधी आला, फळ कधी उतरले, एवढे चार शब्द दरवर्षी वहीत लिहून ठेवण्यास कोणती अडचण आहे? बोनच्या कारकुनांनी मजुरीचा हिशेब लिहिला तेव्हा आपण पुढच्या शतकांसाठी लिहीत आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यांच्या त्या साध्या ओळींमुळेच आज संकटाचे माप कळले. श्रोत्यांपैकी ज्यांची शेतीवाडी असेल, मग ती द्राक्षांची असो वा ज्वारीची, त्यांनी घरी गेल्यावर अशी एक वही उघडावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.