मज्जारज्जूच्या इजेनंतरची उमेद

पाठीच्या मणक्यांमधून मेंदूपासून कमरेपर्यंत उतरणारी चेतातंतूंची जुडी म्हणजे मज्जारज्जू. ती तुटली किंवा चेंगरली की इजेच्या खालच्या भागातून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना आणि मेंदूकडून स्नायूंना येणारे आदेश, दोन्ही थांबतात. इजा छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर असेल तर दोन्ही पाय लुळे पडतात, त्या अवस्थेला पॅराप्लेजिया म्हणतात. ती मानेत झाली असेल तर हातांचे बळही जाते आणि तिला क्वाड्रिप्लेजिया असे नाव आहे. पाय चालत नाहीत हे पाहणाऱ्याला दिसते. परंतु लघवी-शौचावरचा ताबा जातो, त्वचेला दाब किंवा चटका कळेनासा होतो, हे त्याला दिसत नाही. रुग्ण किती जगेल आणि किती धीराने जगेल, याचा निकाल मात्र बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या गोष्टींवरच लागतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशी इजा झालेले बहुतेक सैनिक फार काळ वाचत नसत, आणि त्यांचा मृत्यू मुख्यतः कण्याच्या जखमेने नव्हे, तर एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या दाबाच्या जखमांनी, म्हणजे बेडसोअरनी, आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने होत असे. नाझी राजवटीमुळे 1939 साली जर्मनी सोडून इंग्लंडला गेलेले ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ लुडविग गुटमान यांच्याकडे 1944 मध्ये स्टोक मँडेविल येथील रुग्णालयातील नव्या विभागाची सूत्रे आली, तेव्हा त्यांनी पहिला दंडक घातला तो रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलून देण्याचा. माणसे जगू लागली, आणि मग जगून करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती यांसारखी कामे आणि खेळ हे त्याचे गुटमान यांनी शोधलेले उत्तर होते. लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, 29 जुलै 1948 रोजी, 16 अपंग माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर भरवली, आणि तिचाच विस्तार होत 1960 साली रोममध्ये 23 देशांतील खेळाडूंची स्पर्धा झाली, जी पहिली पॅरालिंपिक मानली जाते. ही कथा सांगताना धनुष्यबाण सर्वांच्या लक्षात राहतो, कूस बदलणारी परिचारिका राहत नाही. वास्तविक तिच्यावाचून धनुष्य उचलायला कोणी उरलेच नसते.

महाराष्ट्रात या परंपरेतील सर्वांत ठळक नाव मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील हे सैनिक मुळात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, आणि उपचार म्हणून सुरू झालेल्या पोहण्यातून ते 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल प्रकारात सुवर्णपदकापर्यंत पोहोचले. पद्मश्री मिळण्यास मात्र 2018 साल उजाडावे लागले. अशा चरित्रांचे मोल निर्विवाद असले तरी त्यांचा एक तोटाही आहे: ती सतत सांगितली की ‘जिद्द असेल तर सारे जमते’ असा समज पक्का होतो, आणि ज्याला पदक मिळवता येत नाही त्याच्या पदरी अपंगत्वाबरोबर जिद्द कमी पडल्याचा ठपकाही येतो.

गॅरी अल्ब्रेक्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर या अभ्यासकांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात 153 अपंग व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या होत्या. गंभीर किंवा मध्यम स्वरूपाचे अपंगत्व असलेल्यांपैकी 54.3 टक्के व्यक्तींनी आपले जीवनमान चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले, आणि बाहेरच्यांना दुःखमय वाटणारे आयुष्य आतून तसे नसते, या विसंगतीला त्यांनी ‘अपंगत्वाचा विरोधाभास’ म्हटले. तथापि, माणूस कशालाही सरावतो असा त्याचा सोपा अर्थ लावणे घाईचे ठरेल, कारण रिचर्ड लुकास यांनी 2007 साली जर्मनी व ब्रिटनमधील दीर्घकालीन पाहण्यांच्या आधारे दाखवले की गंभीर अपंगत्वानंतर समाधानात झालेली घट सरासरीने वर्षानुवर्षे टिकून राहते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. अर्धीअधिक माणसे समाधानी असतात याचा अर्थ उरलेल्यांचे दुःख भ्रामक आहे असा होत नाही, आणि ती कोणत्या गटात जातील हे त्यांच्या स्वभावाइतकेच त्यांच्या सभोवतालच्या व्यवस्थेवरही अवलंबून असते.

या व्यवस्थेचा विचार भारतात कायद्याने केला आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखून ठेवल्या आणि सार्वजनिक इमारती अडथळामुक्त करण्यासाठी पाच वर्षांची मुदत घातली. पण त्यासाठीचे नियम इतके ऐच्छिक स्वरूपाचे ठरले की नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बंधनकारक मानके ठरवण्याचा आदेश द्यावा लागला. राखीव जागेवर नेमणूक मिळालेल्या व्यक्तीच्या कार्यालयात स्वच्छतागृहाचे दार तिच्या चाकाच्या खुर्चीपेक्षा अरुंद असेल, तर ती दिवसभर पाणी कमी पिते, आणि मूत्रसंसर्गाला आमंत्रण मिळते ते इथूनच.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे कार्य या दृष्टीने अधिक बोलके आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडल्यानंतर त्यांना उभारी मिळाली ती उपदेशातून नव्हे, तर स्वतः पॅराप्लेजिक असूनही कामात गुंतलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या सहवासातून. पुढे केंद्र सरकारच्या खात्यात नोकरी करीत असताना त्यांनी 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनामुळे हा प्रवास मराठी वाचकांना परिचित आहे. या संस्थेने अपंग मुलांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय तर केलीच, शिवाय सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ‘स्वप्ननगरी’ प्रकल्पात काजूप्रक्रियेचे काम सुरू केले. काजूगराची साल काढणे, प्रतवारी करणे ही कामे बसून, हातांनी करता येतात. कोकणात कच्चा माल जवळ मिळतो. आणि त्या कामाचा मोबदला दयेपोटी नव्हे, तर विकल्या जाणाऱ्या मालातून मिळतो.