आधी मुद्दल, मग व्याज

वैद्यकीय पेशात अर्थार्जनास उशिरा आरंभ होतो. पदवी, इंटर्नशिप, पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर दवाखान्याचे कर्ज, हे सारे उरकून हाती शिल्लक पडू लागेपर्यंत बहुतेकांची पस्तिशी उलटलेली असते. खासगी व्यवसाय करणाऱ्यास निवृत्तिवेतनही नाही. बुडालेले मुद्दल पुन्हा उभे करण्यास त्याच्यापाशी फारशी वर्षे उरत नाहीत. म्हणून व्याजाचा दर विचारण्याआधी त्याने दोन प्रश्न विचारावेत : हे पैसे परत करण्याची हमी कोणाची, आणि मला ते केव्हा लागणार?

शेअर बाजाराचा स्वभाव आपण दोनदा अनुभवला आहे. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांच्या घरात गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या आसपास आला. २०२० साली जानेवारीत बेचाळीस हजारांजवळ असलेला हाच निर्देशांक मार्चअखेरीस सव्वीस हजारांखाली उतरला. दोन्ही वेळा बाजार सावरला. परंतु पहिल्या वेळी त्यास नोव्हेंबर २०१० उजाडावे लागले. त्या मधल्या काळात ज्यांना मुलांचे शुल्क भरायचे होते, त्यांना तोट्यात विक्री करावी लागली. शंभराचे पन्नास झाले की पूर्वपदावर येण्यास शंभर टक्के वाढ लागते, हे साधे गणित विसरू नये.

‘रोखे’ म्हटले की सुरक्षित, हाही भ्रमच. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या ठेवीदारांचे पैसे वाचले. पण त्याच बँकेचे आठ हजार कोटींहून अधिक रकमेचे ‘एटी-१’ रोखे निर्लेखित झाले. पुढच्याच महिन्यात फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाने आपल्या सहा कर्जरोखे योजना गुंडाळण्याचे जाहीर केले. पैसे कालांतराने परत मिळाले, पण हवे तेव्हा मिळाले नाहीत. जादा व्याज हे जादा जोखमीचे मोल असते.

आता ठेवींविषयी. बँक ठेवींवरील विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख रुपये होती. ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. ती प्रत्येक ठेवीदारास, प्रत्येक बँकेमागे, व्याजासह लागू आहे. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी एकत्र धरल्या जातात. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे. मात्र पतसंस्थांना ते नाही. आपल्या बेळगाव परिसरात सोसायट्यांची आणि १९९७ च्या कायद्यान्वये निघालेल्या सौहार्द संस्थांची मोठी परंपरा आहे. अनेक संचालक आपल्या परिचयाचे, क्वचित आपले रुग्णही असतात. परिचय हा विश्वासाचा आधार जरूर असावा, परंतु तो विमा नव्हे. तेथे ठेव ठेवायचीच असेल, तर जी रक्कम अडकली तरी घर चालेल तेवढीच ठेवावी.

सरकारी हमीच्या योजनांत सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी (पीपीएफ) अग्रणी होय. मुदत पंधरा वर्षे, वार्षिक मर्यादा दीड लाख. या खात्यातील रकमेवर खातेदाराच्या देण्यापोटी न्यायालयीन हुकमानेही जप्ती येत नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ग्राहक कायद्याच्या कक्षेत आलेल्या आपल्या पेशास हा गुण विशेष मोलाचा आहे; अर्थात व्यावसायिक दायित्वाचा विमा त्याआधी हवाच. साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीस लाख झाली. रिझर्व्ह बँकेच्या सात वर्षांच्या बदलत्या दराच्या रोख्यांचे व्याज राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राहून ०.३५ टक्के अधिक असते. मात्र साठीखालील व्यक्तीस ते मुदतीआधी मोडता येत नाहीत.

या साऱ्यांची वाटणी कशी करावी? बालरोगतज्ज्ञ औषधाची मात्रा मुलाचे वजन पाहून ठरवतो. गुंतवणुकीची मात्रा काळ पाहून ठरवावी. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे बँकेच्या ठेवीतच असावेत. त्यात घर आणि दवाखाना यांच्या सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद धरावी. २०२० च्या टाळेबंदीत बाह्यरुग्ण विभाग ओस पडले, पण कर्मचाऱ्यांचे पगार व कर्जाचे हप्ते चालूच राहिले. मधल्या मुदतीच्या गरजांसाठी सरकारी हमीच्या योजना. सात-आठ वर्षे हात लावावा लागणार नाही, एवढीच रक्कम निर्देशांकाधारित फंडांत, तीही दरमहा थोडी थोडी घालावी. महागाईशी टक्कर देण्यास हा भाग आवश्यक आहे. तो सर्वस्वी टाळणे हीदेखील जोखीमच. वय वाढेल तसा मात्र तो कमी करत जावा. आपली वास्तू व जमीन हीच मोठी गुंतवणूक असते, हे ध्यानी घेऊन आणखी भूखंड घेण्याचा मोह आवरावा.

शेवटी एक सूचना. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करावे, सर्व गुंतवणुकींची एकच यादी करावी आणि ती पती वा पत्नीस समजावून सांगावी. उत्तम निवडलेली ठेवही घरच्यांना ठाऊक नसेल, तर ऐन वेळी त्यांच्या उपयोगी पडत नाही.