टपालाने घडवलेला सिद्धांत

चार्ल्स डार्विनचे नाव निघाले की 'बीगल' जहाजावरचा पाच वर्षांचा प्रवास आणि 1859 साली प्रसिद्ध झालेला 'द ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ या दोन गोष्टी प्रथम आठवतात. मात्र प्रवास 1836 साली संपला आणि ग्रंथ त्यानंतर तेवीस वर्षांनी आला, या मधल्या काळाचा विचार सहसा होत नाही. परतल्यानंतर डार्विनने ब्रिटनबाहेर पुन्हा कधी पाऊल टाकले नाही. 1842 साली तो लंडनच्या दक्षिणेला केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहायला गेला आणि 1882 मध्ये मृत्यू येईपर्यंत, सततच्या आजारपणामुळे सभा-संमेलने टाळत, तेथेच राहिला. असे असूनही त्याच्या ग्रंथांत ब्राझीलमधील फुले, मलायातील कोंबड्या, बंगालमधील गुरे आणि ऑस्ट्रेलियातील माणसे यांविषयीची माहिती पानोपानी आढळते. ही सारी माहिती टपालाने आली. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे 15,000 पत्रे आज उपलब्ध आहेत, ती सुमारे 2,000 व्यक्तींशी झालेल्या पत्रव्यवहारातील आहेत, आणि केंब्रिज येथे 1974 साली हाती घेतलेल्या प्रकल्पातून त्यांचे 30 खंड सिद्ध झाले आहेत. हे खंड चाळणाऱ्याला डार्विन हा एकांतातला विचारवंत होता हा समज सोडून द्यावा लागतो.

असा पत्रव्यवहार शक्य झाला तो एका प्रशासकीय सुधारणेमुळे. 1840 पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. त्यामुळे अनोळखी माणसाला शंका विचारणारे लांबलचक पत्र पाठवणे म्हणजे त्याच्यावर भुर्दंड लादणे होते. टपालसुधारक रोलंड हिलच्या प्रयत्नांनी जानेवारी 1840 पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले आणि ते पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरायचे असा नियम झाला. विज्ञानाच्या इतिहासात दुर्बिणीला आणि सूक्ष्मदर्शकाला जे स्थान मिळते, त्याच्या जवळपासचे स्थान या नियमाला मिळायला हवे.

या पत्रव्यवहारात सर्वांत जवळचा माणूस जोसेफ हूकर होय. हा वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे लंडनजवळील क्यू येथील राजउद्यानाचा संचालक झाला. दोघांमधील सुमारे 1,400 पत्रे शिल्लक आहेत. जीवजाती अचल नसून बदलत जातात, ही त्या काळी धर्मबाह्य मानली जाणारी कल्पना डार्विनने जानेवारी 1844 मध्ये हूकरला कळवली, तेव्हा आपण जणू खुनाची कबुली देत आहोत असे त्याने लिहिले. हूकरने ती शांतपणे ऐकून घेतली, मात्र लगेच मान्य केली नाही, आणि डार्विनला खरा उपयोग झाला तो याच सावध वृत्तीचा. दूरच्या बेटांवर वनस्पती पोहोचल्या कशा, या प्रश्नावर दोघांत वर्षानुवर्षे वाद चालला. बेटांना जोडणाऱ्या पण पुढे बुडून गेलेल्या भूपट्ट्यांचा आधार घेण्याऐवजी बिया समुद्रातून वाहत जात असतील का, हे पाहण्यासाठी डार्विनने त्या खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्या. 87 प्रकारांपैकी 64 प्रकारच्या बिया 28 दिवसांनंतरही रुजल्या. या प्रयोगांची माहिती त्याने बागकामाच्या एका साप्ताहिकाच्या वाचकांपुढेही ठेवली. विद्वानांइतकाच माळ्यांवर त्याचा भरवसा होता.

तोच भरवसा कबुतरे आणि कोंबड्या पाळणाऱ्यांवरही होता. पाळीव प्राण्यांत हवे ते गुण निवडून माणूस नवे वाण घडवतो, याला कृत्रिम निवड म्हणतात. जगण्याच्या स्पर्धेत निसर्गही अशीच, पण हेतूविना, निवड करतो, ही नैसर्गिक निवडीची कल्पना वाचकाला पटवण्यासाठी पाळीव जनावरांचा तपशील आवश्यक होता. तो मोठ्या प्रमाणात पुरवला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ याने. 1855 पासून त्याने भारतातील कोंबड्या, वशिंड असलेली गुरे, उंट, कबुतरे यांविषयी पानेच्या पाने लिहून पाठवली आणि डार्विनने आपल्या ग्रंथात त्याच्या मताला फार वरचे स्थान दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्लिथने एका नव्या लेखाकडे डार्विनचे लक्ष वेधले. तो लेख मलाय द्वीपसमूहात पक्षी आणि कीटक गोळा करून उपजीविका करणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेसचा होता.

पुढे जे घडले त्यातही टपालच निर्णायक ठरले. 18 जून 1858 रोजी वॉलेसचे पत्र डाऊनला पोहोचले आणि त्यासोबतच्या निबंधात नैसर्गिक निवडीचा सिद्धांत जवळजवळ डार्विनच्याच रूपात मांडलेला होता. वीस वर्षांच्या श्रमांचे अग्रहक्क जातात की काय या चिंतेने डार्विन व्याकूळ झाला. त्याच दिवसांत घरात लोहितांग ज्वर शिरला आणि 28 जून रोजी त्याचा धाकटा मुलगा दगावला. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल आणि हूकर यांनी मार्ग काढला: 1 जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेसच्या निबंधाबरोबर डार्विनच्या 1844 च्या टिपणाचा भाग आणि त्याने सप्टेंबर 1857 मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला पाठवलेल्या पत्राचा गोषवारा वाचण्यात आला. खाजगी पत्राने येथे पुराव्याच्या कागदाचे काम केले. वॉलेसची संमती मात्र कोणी घेतली नाही, कारण पत्र जाऊन उत्तर यायला महिने लागले असते. त्याने नंतर या व्यवस्थेबद्दल समाधान व्यक्त केले हा त्याचा मोठेपणा, पण त्यामुळे त्या घाईचे पूर्ण समर्थन होत नाही. वॉलेसचे एवढे महत्त्वाचे ते पत्र आज उपलब्धही नाही. आलेली पत्रे डार्विन लोखंडी सळ्यांवर टोचून ठेवी आणि सळ्या भरल्या की जुनी पत्रे जाळून टाकी, असे त्याचा मुलगा फ्रान्सिस याने नोंदवले आहे. या सवयीमुळे 1862 पूर्वी आलेली बहुतेक पत्रे नाहीशी झाली. उपयोगी मजकूर असेल तर तो कापून विषयवार पुडक्यांत ठेवण्याचीही त्याची पद्धत होती. पत्र त्याच्या दृष्टीने जपण्याची वस्तू नव्हती, वापरण्याची सामग्री होती.

विद्यापीठांची दारे ज्यांना बंद होती त्या स्त्रियांनाही या मार्गाने विज्ञानात प्रवेश मिळाला. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या मेरी ट्रीट यांनी कीटकभक्षी वनस्पतींचे बारकाईने निरीक्षण केले. युट्रिक्युलेरिया या पाणवनस्पतीच्या फुग्यांत लहान जीव कसे अडकतात याविषयीची त्यांची माहिती डार्विनने 1875 च्या आपल्या ग्रंथात त्यांच्या नावानिशी वापरली. पावसाळ्यात कासच्या पठारावर निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरणारी सीतेची आसवे याच प्रजातीतील आहेत. मँचेस्टरच्या लिडिया बेकर, ज्या पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत अग्रभागी होत्या, डार्विनला फुलांचे नमुने पाठवत. त्यांनी स्त्रियांसाठी अभ्यासमंडळ काढले तेव्हा वाचनासाठी डार्विनने आपला शोधनिबंध पाठवला.

या साऱ्या पत्रव्यवहाराची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी दिसते ती 1867 च्या प्रश्नावलीत. आश्चर्य वाटले की डोळे आणि तोंड विस्फारतात का, लाजेने चेहऱ्यावर लाली येते का, होकारासाठी मान वरखाली हलते का, असे सोळा प्रश्न छापून त्याने जगभर पाठवले. भाव व्यक्त करण्याच्या रीती सर्व मानवजातीत सारख्या असतील तर त्या एका समान पूर्वजाकडून आल्या असाव्यात, हा त्यामागील तर्क होता. मिशनरी, अधिकारी, व्यापारी अशा निरीक्षकांकडून 36 उत्तरे आली आणि 1872 च्या मानव व प्राणी यांच्या भावाविष्कारावरील ग्रंथात ती समाविष्ट झाली. त्यांत मुंबई इलाख्यातील तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून एच. अर्स्किन यांनी केलेली निरीक्षणे आहेत. त्यांना खात्रीचा निष्कर्ष काढणे अवघड गेले, कारण तेथील लोक युरोपियनांसमोर आपल्या भावना नेहमीच झाकून ठेवत, असे डार्विनने प्रांजळपणे नमूद केले आहे. नगर जिल्ह्यातील रयतेने साहेबासमोर चेहरा कोरा ठेवला यात नवल नव्हते. निरीक्षकाच्या हाती सत्ता असली की निरीक्षणच बदलते, ही गोष्ट येथे ग्रंथकर्त्याच्या नकळत नोंदली गेली.

या कामी सर्वांत भरघोस तपशील पाठवल्याबद्दल डार्विनने जॉन स्कॉट याचे आभार मानले. एडिंबरोच्या उद्यानात माळीकाम करताना ऑर्किडवरील पत्रामुळे डार्विनशी परिचय झालेला हा तरुण त्याच्याच मदतीने भारतात आला आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अभिरक्षक बनला. उद्यानात राबणाऱ्या निरनिराळ्या जमातींच्या कामगारांचे हसणे, रडणे, रागावणे त्याने दीर्घकाळ न्याहाळून लिहून कळवले. स्वतः श्रमिक वर्गातून आलेल्या स्कॉटचे नाव डार्विनने आवर्जून छापले; ज्यांचे चेहरे स्कॉटने वाचले, त्यांचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी केवळ जमातीने झाला.