उसनी भुवई

भुवई हा चेहऱ्यावरचा सर्वांत दुर्लक्षित भाग. कवींनी तिला मदनाच्या धनुष्याची उपमा देऊन मोकळे व्हावे, योग्यांनी भ्रूमध्यावर दृष्टी लावावी आणि आपण बाकीच्यांनी रागाच्या वेळी ती वर चढवावी, एवढेच तिचे काम असे आपण धरून चालतो. डोळ्यांवर गाणी होतात, केसांवर होतात. भुवईची आठवण मात्र ती जागेवर नसली म्हणजेच होते.

मला ती आठवण बारावीच्या निकालानंतरच्या सुट्टीत झाली. डाव्या भुवईची बाहेरची अर्धी बाजू गेली आणि पाठोपाठ उजवीला मध्येच भगदाड पडले. आमच्याकडे याला ‘चाई पडणे’ म्हणतात आणि केस किडा खातो असे समजतात. किडा वगैरे काही नसतो. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच केसांच्या मुळांना परके समजून त्यांच्यावर चालून जातात आणि केस गळतो. मूळ सहसा मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतो. पण कधी येईल, आणि आलेला टिकेल का, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाही. माझ्या डोक्यावरचे ठिपके वर्षभरात भरून आले. भुवया आल्या नाहीत. दोन वर्षे पेन्सिलीवर काढली. पेन्सिलीची भुवई पावसात गालावर उतरते आणि श्रमदानाच्या शिबिरात घमेली उचलताना घामाबरोबर पुसली जाते. अखेर यंदा मी अर्धस्थायी भुवया करवून घेतल्या. पार्लरच्या भाषेत ‘सेमी-परमनंट’. वर्गातल्या मैत्रिणींनी त्यावर इतके प्रश्न विचारले, की प्रत्येकीला निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा सगळे एकदाच लिहून काढावे, असे ठरवले.

‘एवढ्याशा केसांसाठी एवढा खटाटोप?’ हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मानसशास्त्राच्या तासाला मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. पन्नास प्रसिद्ध व्यक्तींची छायाचित्रे त्यांनी घेतली. काहींतले डोळे पुसून टाकले, काहींतल्या भुवया, आणि हे कोण, असे लोकांना विचारले. डोळे नसलेले चेहरे शेकडा सुमारे ५६ वेळा ओळखता आले. भुवया नसलेले शेकडा सुमारे ४६ वेळाच! म्हणजे ओळख पटवण्याच्या कामी भुवई डोळ्याच्याही एक पाऊल पुढे आहे. मला हे आकडे वाचून नवल वाटले नाही. दोन वर्षे ओळखीच्या बायका एस.टी.त माझ्याकडे बघून क्षणभर थबकत आणि मग ‘बरं नाही का गं तुला?’ असे विचारत. बोलताना कपाळावर हात ठेवण्याची सवय मला लागली, आणि कपाळावर हात ठेवून वक्तृत्व स्पर्धेत उभे राहता येत नाही. माझे नाव त्या यादीतून कोणी कापले नव्हते. मीच ते देणे सोडले होते. याला कोणी नटवेपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणावे.

दुसरा प्रश्न माझ्या आजीचा. तिच्या कपाळावर तीन टिंबे आणि हातावर तुळस गोंदलेली आहे. साठ वर्षे होऊन गेली, तरी हिरवट निळी तुळस जागची हललेली नाही. माणूस जाताना सगळे दागिने काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी तिच्या पिढीची श्रद्धा. भुवया दोन वर्षांत फिक्या होतील असे मी सांगताच ती म्हणाली, “गोंदण ते, आणि पुसून जाणार? मग पैसे कशाचे घेते ती बाई?”

आजीचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. त्याचे उत्तर समजले की ही सगळी विद्याच समजली.

आपल्या कातडीचे ढोबळमानाने दोन थर मानू. वरची बाह्यत्वचा चेहऱ्यावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे कागदासारखी असते. ती खालून वर सतत नवी होत असते. साधारण महिनाभरात जुन्या पेशी झडून जातात. मेंदीचा रंग याच थरात बसतो आणि याच थराबरोबर जातो. तिच्याखाली अंतस्त्वचा. तिथे रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, आणि तो थर असा झडत नाही. आजीच्या तुळशीची काजळी तिथे जाऊन बसली आहे. ती तिथे राहते कशी, हेही गमतीचे आहे. शरीर रंगाच्या कणांना शत्रू समजते आणि भक्षक पेशी त्यांना गिळतात. पण काजळी त्यांना पचत नाही. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. वारसाहक्काने जमीन एका पिढीकडून दुसरीकडे जावी, तसाच हा प्रकार!

भुवईची रेघ मेंदीही नाही आणि आजीची तुळसही नाही. रंग जातो अंतस्त्वचेतच, पण तिच्या वरच्या काठाशी आणि अगदी थोडा. रंगही बहुधा निराळा: काजळीऐवजी, किंवा तिच्या जोडीला, लोहाची ऑक्साइडे. तुळशीवृंदावनाला आपण गेरू लावतो, तोही याच कुळातला. हे कण ऊन आणि शरीराची झीज यांनी हळूहळू फिके होतात. वर्ष-दीड वर्ष, फार तर तीन वर्षे ही रेघ दिसते. मात्र ‘अर्धस्थायी’ या शब्दावर फार विसंबू नये. रंग फिका होईल हे खरे. तो संपूर्ण जाईलच अशी हमी कोणालाही देता येत नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे गोंदणच आहे. त्यातले ‘अर्ध’ काय ते करणाऱ्याच्या हातात असते.

हात म्हटला की साधन आले. एक पद्धत हातानेच करायची. पेनासारख्या दांडीला सुयांची एक बारीक तिरपी रांग बसवलेली असते. तिने कातडीवर केसासारखे सूक्ष्म छेद घेतात आणि त्यांत रंग भरतात. याला ‘मायक्रोब्लेडिंग’ म्हणतात. दुसरी पद्धत यंत्राची. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ साली गोंदणाच्या विजेवरील यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून त्यांना ते सुचले होते. आजचे भुवईचे यंत्र त्याच घराण्यातले, पण फार नाजूक. त्याने रेघा न काढता ठिपके मारतात आणि भुवई पावडर लावल्यासारखी भरीव दिसते. तेलकट कातडीवर बारीक रेघा पसरून धूसर होतात, म्हणून तिथे ठिपके बरे. माझी कातडी कोरडी आणि शिल्लक केसही थोडे, म्हणून माझ्या वाट्याला रेघा आल्या.

मी पुण्यातल्या ज्या ताईंकडे गेले, त्यांचे पहिले कौशल्य म्हणजे त्यांनी मला परत पाठवले. जिल्ह्याच्या गावाहून पहाटेच्या गाडीने गेलेली मी, त्यांनी भिंग लावून कातडी पाहिली आणि म्हणाल्या, “चाई अजून सरकतेय तुझी. आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखव. सहा महिने जागची हलली नाही, की त्यांची चिठ्ठी घेऊन ये. सरकत्या बांधावर कुंपण घालत नाहीत, बाळ.” त्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. पण पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितले. रोग जोरात असताना कातडीला इजा करू नये. कोड किंवा सोरायसिस असलेल्यांना तर सुईच्या जागी नवा चट्टा उठू शकतो. सहा महिन्यांनी चिठ्ठी घेऊन गेले, तेव्हा ताईंनी कानामागे रंगाचा एक ठिपका देऊन पुन्हा घरी पाठवले. पुरळ येते का, ते पाहायचे होते. पैशांना नाही म्हणणारा कारागीर भेटला की त्याच्या हाती चेहरा द्यायला हरकत नाही.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी पहिला सव्वा तास त्यांनी सुईला हातच लावला नाही. सुतार फळीवर सूत मारतो ना, तसे रंगात बुडवलेल्या दोऱ्याने त्यांनी माझ्या कपाळावर सूत मारले. नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून सरळ वर गेले की भुवईची सुरुवात. तिथूनच डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरपे गेले की शेवट. बुबुळाच्या बाहेरच्या काठाच्या रेषेत कमान. हा नियम कोणीही पाठ करील. पण माणसाचा चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. माझी डावी भुवई बोलताना जरा जास्त वर जाते. ताईंनी मला हसायला लावले, रागवायला लावले, चक्क कविता म्हणायला लावली, आणि मगच खुणा पक्क्या केल्या. “झोपलेल्या चेहऱ्यावर आखलेली भुवई जागेपणी वाकडी दिसते,” त्या म्हणाल्या. नटीचा फोटो दाखवून अशीच हवी म्हणणाऱ्या मुलीला त्या आरसा दाखवतात. फॅशनच्या भुवया दर पाच-दहा वर्षांनी बदलतात, कपाळ बदलत नाही.

मग बधिरतेचे मलम, आणि नंतर सुई. दुखले का? लिग्नोकेनच्या मलमामुळे वेदना कमी होती; करकर असा आवाज मात्र कानाजवळ ऐकू येत होता. सुई उथळ गेली तर रंग बाह्यत्वचेबरोबर महिन्यात गळून जातो. खोल गेली तर रक्त येते, रंग पसरतो आणि निळसर दिसू लागतो. सगळा खेळ मिलिमीटरच्या अंशाचा. ती खोली मोजण्याची पट्टी नसते; बोटांनी ताणलेल्या कातडीचा प्रतिकार हीच पट्टी, आणि ती वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होते.

त्यानंतरचा महिना संयमाचा. पहिले काही दिवस भुवया इतक्या गडद दिसतात, की तमाशातल्या सोंगाड्याची आठवण यावी. आठवड्याभरात खपल्या सुटतात आणि सगळे गेले असे वाटते. खपली नखाने काढली तर तिच्याबरोबर रंगही येतो. वरची कातडी नवी झाली की रेघ पुन्हा वर दिसू लागते. दीड महिन्याने दुसरी बैठक होते आणि राहिलेल्या फटी भरतात. माझे दोन्ही मिळून पंधरा हजार रुपये गेले. निम्मे आईच्या भिशीचे, निम्मे मी शिकवण्या घेऊन साठवलेले.

आता धोके. सुई रक्तापर्यंत जाते, म्हणून ती एकदाच वापरायची, पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायचे. नाही तर कावीळ ब व क आणि एच.आय.व्ही. यांना दार उघडे. गरोदर असणाऱ्यांनी हे करू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, मधुमेहींनी आणि जखमेवर गाठी धरणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. केल्यानंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. शिबिराच्या आधी हे सांगायला हवे. एम.आर.आय. काढण्याची वेळ आली तरी सांगावे, कारण लोहयुक्त रंगामुळे क्वचित चटका बसतो. रंग काही वर्षांनी तांबूस होऊ शकतो, कारण काळा फिका होतो आणि गेरू मागे राहतो. लेसरने काढू पाहिले, तर काही रंग जाण्याऐवजी उलट गडद होतात.

रंगांविषयी जगभर अजून वाद आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कातडीत टोचण्यासाठी एकाही रंगाला मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघाने २०२२ पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर बंधने घातली. करणाऱ्याची पात्रता हा दुसरा वाद. तो सर्वांत तीव्र झाला दक्षिण कोरियात, जिथे अर्धस्थायी भुवया घरोघर आढळतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली भुवया गोंदण्याच्या एका खटल्यात हे वैद्यकीय काम आहे असा निर्णय दिला, आणि डॉक्टरांखेरीज बाकी सारे कारागीर गुन्हेगार ठरले. भुवया होत राहिल्या, पण चोरून. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील संसदेने परवाना घेऊन काम करू देणारा कायदा संमत केला. तेहतीस वर्षांनी त्यांना जे उमगले ते असे, की चोरून होणाऱ्या कामाची स्वच्छता कोणी तपासू शकत नाही. आपल्याकडे दोन दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून दुकान थाटणारे पाहिले, की हा धडा आठवतो.

म्हणून, मैत्रिणींनो, जायचेच असेल तर कामाचे दुसऱ्या दिवशीचे नव्हे, वर्षानंतरचे फोटो मागा. रंगाच्या बाटलीवरचे नाव आणि तारीख वाचा. घाई करणारीकडे जाऊ नका; स्वस्ताकडे तर नकोच. आणि ज्यांच्या भुवया जागेवर आहेत, त्यांनी उगीच जाऊ नये. आहे त्या केसाची सर कोणत्याही रेघेला नाही.

माझी चाई यामुळे बरी झाली नाही, होणारही नव्हती. ही भुवई उसनी आहे. दीड-दोन वर्षांनी ताईंकडे जाऊन पुन्हा हप्ता भरावा लागेल, किंवा तोवर खरी उगवली तर व्यवहार मिटेल. आजीला मी एवढेच सांगितले, की तिच्या गोंदणारणीने कायमचे काढण्याचे पैसे घेतले आणि माझ्या ताईंनी कायमचे न होऊ देण्याचे. आजीने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, दोन्ही बाजू निरखल्या आणि म्हणाली, “हात मात्र चांगला आहे बाईचा.” यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेच्या यादीत माझे नाव सातवे आहे.